खुळखुळा, पांगुळगाडा आणि बोलणारा कुत्रा

वर्षभरापूर्वी पश्चिम रिफात आमच्या मुलाच्या घरी नातवाचा पहिला वाढदिवस झाला. मंडळातली पुष्कळ कुटुंबे आवर्जून आली होती. पाहुणे गेल्यावर सूनबाई आणि मी दिवाणखान्यात बसून भेटींवरचे रंगीत कागद काढत होतो. एकूण चौदा खेळणी निघाली. त्यातल्या दहांना बॅटरी लागत होती आणि ती दहाही इंग्रजी बोलत होती. त्यांत एक निळा कुत्रा होता. त्याचे पोट दाबले की तो एबीसीडी म्हणे, पंजा दाबला की रंगांची नावे सांगे, आणि बराच वेळ कोणी हात लावला नाही तर आपणहून हाक मारी. नातवाला तो फार आवडला. खोटे कशाला बोलू, मलाही आवडला.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नातू गालिच्यावर बसला होता आणि भोवती आम्ही चार मोठी माणसे होतो. कुत्रा बोलत होता आणि आम्ही चौघे गप्प बसून ऐकत होतो. बाळाने मान वर करून माझ्याकडे पाहिले, "ब्बा, ब्बा" असे काहीतरी म्हटले, आणि मी उत्तर द्यायच्या आत कुत्र्याने उत्तर दिले.

माझी नोकरीची बरीचशी वर्षे मुलांना इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे कोडे पडले की मागे जाऊन पाहायची खोड लागली आहे. बाळाच्या हातात खेळणे द्यायचे ते कशासाठी, आणि आपल्या आधीच्या माणसांनी ते कसे निवडले, हे शोधत गेले. मंडळातल्या तरुण आईबापांना त्याचा उपयोग होईल असे वाटले, म्हणून हा लेख.

सुरुवात पाळण्यापासून करू. आपल्याकडे बारशाच्या दिवशी पाळण्यावर चिमणाळे टांगतात. लाकडाच्या किंवा कापडाच्या रंगीत चिमण्या, मध्ये एखादा राघू, खाली गोंडे. बाळाच्या पायात घुंगुरवाळे. मी हे सारे हौसेचे प्रकार समजत होते. पण तान्ह्या बाळाला दिसते ते जेमतेम वीतभर-दीड वीत अंतरावरचे, आणि सपाट रंगापेक्षा ठळक नक्षीकडे त्याची नजर जास्त वेळ टिकते. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवले. पुढे १९६९ साली कॅरोलिन रोव्ही या बाईंनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. पाळण्यावरच्या टांगत्या खेळण्याला एक रिबन बांधायची आणि तिचे दुसरे टोक बाळाच्या घोट्याला. दोन-तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांतच उमगले की पाय झाडला की चिमण्या हलतात, आणि ती मुद्दाम पाय झाडू लागली. इतकेच नव्हे, काही दिवसांनी तेच खेळणे पुन्हा टांगले तर त्यांना ते आठवत होते.

वाळ्यांचे काय वेगळे आहे? पाय हलवला की आवाज होतो, थांबवला की थांबतो. 'हे मी केले' ही माणसाच्या आयुष्यातली पहिली फुशारकी त्या घुंगरांत असते. बटण दाबले की पाच मिनिटे गाणे म्हणणाऱ्या खेळण्यात ती नसते. तिथे बाळाची करामत एका दाबात संपते आणि पुढचे सगळे खेळणेच करते.

खुळखुळ्याचा इतिहास तर आपल्या या बेटाच्या अंगणातून जातो. हडप्पा आणि मोहेंजोदडो इथल्या उत्खननांत भाजक्या मातीचे पोकळ, गोल खुळखुळे सापडले आहेत. आत मातीच्याच बारीक गोळ्या, वर काहींवर तांबड्या रेघा. त्याच घरांत मातीच्या बैलगाड्या आणि पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्याही मिळाल्या. ज्या काळातले हे खुळखुळे, त्या काळात सिंधूच्या मुखाकडची गलबते दिलमूनला, म्हणजे आपल्या बहारीनला, ये-जा करत होती. कलात अल् बहारीनच्या टेकाडावर १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा तिथे सिंधू संस्कृतीची दगडी वजने सापडली. इथली ती गोल शिक्क्याची मुद्रा पलीकडे गुजरातेत लोथलला मिळाली. आपण किल्ला बघायला मुलांना नेतो ती हीच जागा. नोकरीधंद्यासाठी समुद्र ओलांडणारे आपण काही पहिले नव्हे, हे तिथे उभे राहिले की पटते.

महाराष्ट्रातही चाकांवरची जनावरे जुनी आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक, तेव्हा ती काही पोरांनी ओढायची नव्हती. पोरांनी ओढायचा बैल पाहायचा तर नागपूरला तान्हा पोळा पाहावा. चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत लहान मुले घरोघर जातात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे नागपुरात सांगतात. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला मागे वळून पाहत एखादी वस्तू ओढून नेण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नसतो. तोल सांभाळणे, वळणे, थांबणे, अडकलेली दोरी सोडवणे, हा सगळा अभ्यास त्या नंदीमागे होतो.

आता थोडे दूर, जर्मनीत जाऊ, कारण 'खेळणे हे शिक्षणाचे साधन' असा विचार पद्धतशीर मांडणारा पहिला मोठा माणूस तिथला. फ्रेडरिक फ्रोबेल वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याची आई गेली. या माणसाने पुढे आयुष्यभर आई आणि बाळ यांच्या खेळाचा विचार केला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग या गावी आपली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. मुलांसाठी त्याने जी साधने तयार केली त्यांना तो 'भेटी' म्हणे. त्यांतली पहिली भेट तान्ह्या बाळासाठी आहे. काय असावी? लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, प्रत्येकाला दोरी. आईने दोरी धरून चेंडू झुलवायचा, लपवायचा, परत दाखवायचा. आणि हे करताना बोलायचे. आला, गेला, वर, खाली. बोलणे हा त्या खेळण्याचाच भाग होता. १८४४ साली त्याने आयांसाठी खेळगाण्यांचे पुस्तकही काढले. 'कुक्' करून पदराआड लपणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवे काही वाटले नसते. पण त्यांच्या खेळाला शास्त्रात जागा मिळाली ती इथे. प्रशियाच्या सरकारला मात्र या बालोद्यानांचा धाक वाटला. १८५१ मध्ये त्यांच्यावर बंदी आली, दुसऱ्या वर्षी फ्रोबेल वारला. १८६० ला बंदी उठली.

त्यानंतर रोमच्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी आपले 'बालगृह' उघडले. त्यांच्या साधनांचे वैशिष्ट्य असे की चूक सांगायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवायचे. एक चुकला की शेवटचा बसत नाही. मग मूल स्वतःच डोके खाजवते आणि पुन्हा काढून लावते.

हा विचार आपल्याकडे आणणाऱ्यांत गिजुभाई बधेका प्रमुख. आपल्यासारख्यांना त्यांच्याबद्दल एक जवळीक वाटावी अशी गोष्ट म्हणजे तेही पोटासाठी परदेशी गेलेले. १९०७ ला ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि दोन वर्षांनी परतून वकील झाले. १९१३ साली मुलगा झाला आणि याला वाढवायचा कसा, या काळजीतून त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे पुस्तक आले. वकिली सुटली. १९२० साली भावनगरला बालमंदिर निघाले. एका बापाच्या काळजीतून एवढे घडले.

तिथे त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. १८९२ सालचा त्यांचा जन्म, माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजी. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरच्या शिशुविहारात त्यांनी मराठी माध्यमातून बालशिक्षणाचे काम उभे केले. आमच्या पिढीतल्या अनेकींच्या आया 'माँटेसरीत जाते' म्हणत ते याच परंपरेतले. मध्यंतरी १९३९ च्या अखेरीस माँटेसरीबाई स्वतः अड्यारला आल्या. दुसऱ्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्याची सुटका झाली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचे मन भोवतालचे सगळे कसे शोषून घेते, यावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४९ साली अड्यारहूनच निघाले. भाषाही मूल असेच पिते, घोटवून घेतलेली नव्हे तर भोवती चाललेली, हे त्यातले सूत्र आहे.

पण माझ्या कोड्याचे उत्तर मला सापडले ते बोर्डीला. मुंबईतले काम चांगले चालले असता ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीची साधने महाग. ती घेणार कोण? शहरातले सुखवस्तू. मग खेड्यातल्या मुलांनी काय करायचे? १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघी मुलांच्या वस्तीत गेल्या आणि कोणाच्या तरी अंगणातच मुले जमवू लागल्या. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

आणि साधने? शिंपले, खडे, बिया, चिंचोके, पाने, फुले, काड्या, माती. बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि झाडांखाली पडलेले सगळे. लहान-मोठे लावायचे असेल तर खडे आहेत, रंग ओळखायचे तर फुले-पाने आहेत, हात बसवायचा तर माती आहे. माँटेसरीबाईंच्या साधनातला गाभा ताराबाईंनी ठेवला आणि लाकूड-रंगाचा खर्च काढून टाकला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. वारली आई-बाप मजुरीला जात, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येई. त्या धाकट्यालाही तिथे जागा होती, म्हणून थोरली शिकू शकली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. आठ-दहा दिनारांचे खेळणे परवडले नाही म्हणून हळहळणाऱ्या आईला मी हल्ली बोर्डीची गोष्ट सांगते. त्यात मनाचे समाधान करण्याचा भाग नाही. तज्ज्ञ बाईंनी जाणूनबुजून केलेली ती निवड होती.

आता एक स्वतःची चूक सांगते. १९८८ साली आम्ही मनामात राहत होतो. मुलगा आठ महिन्यांचा होता. शेजारी सगळ्यांकडे चाकांचा गोल वॉकर, मधल्या झोळीत बाळ बसवायचे, तसा आम्हीही आणला. लवकर चालेल, आणि मला स्वयंपाक उरकता येईल. दिवाणखान्यातून गच्चीकडे जाताना एक पायरी होती. एके दिवशी वॉकरसकट मुलगा तिथून गेला. भुवईवर तीन टाके पडले. त्याची खूण अजून आहे, आणि हल्ली नातू त्यावर बोट ठेवून काहीतरी विचारतो.

माझ्या माहेरी सुताराने केलेला पांगुळगाडा होता. तीन चाके, पुढे धरायला आडवी दांडी. दोन्ही वस्तूंना चाके आहेत आणि दोन्ही चालण्यासाठीच, पण फरक पाहा. पांगुळगाड्याशी मूल तेव्हाच जाते जेव्हा ते धरून उभे राहू शकते. अंगाचा भार त्याच्याच पायांवर असतो. दमले तर दांडी सोडून मटकन खाली बसते. वॉकरमध्ये उभे राहायला न येणारे मूलही सुसाट जाते, तेही पायांची बोटे टेकवत. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, हे तज्ज्ञांनी वारंवार सांगितले आहे. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदी मागत आली आहे. भारतात ते अजून सर्रास विकले जातात आणि आपण सुट्टीवर गेलो की नातेवाईक प्रेमाने घेऊनही देतात. नम्रपणे नको म्हणावे.

लाकडी खेळण्यांचा विषय निघाला की सावंतवाडीचे नाव घ्यायलाच हवे. चितार आळीतली ती लाकडी फळे, ठकी, भातुकली पाहून कोणाचे पाय थबकत नाहीत? गंजिफा आणि लाखकामाची ही कला मागे पडत चालली होती. संस्थानचे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतर राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला आधार दिला. मात्र तान्ह्याच्या हातातली वस्तू आधी तोंडात जाते. म्हणून रंग कसला आहे हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याने ९० पीपीएमवर आणले गेले. त्याआधीची, आजोळच्या माळ्यावरून आणलेली रंगीत ठकी कपाटातच शोभून दिसते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. इकडे आखातात 'जी' हे गल्फचे चिन्ह पाहावे. आणि बॅटरीचे खेळणे घरात असलेच तर बटणासारख्या चपट्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आजच पाहा. ती बॅटरी पोटात जाताना अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते.

आता परत त्या निळ्या कुत्र्याकडे येते.

१९९७ साली अमेरिकेत 'बेबी आइन्स्टाइन' नावाच्या चित्रफिती निघाल्या आणि तान्ह्या मुलांना हुशार करण्याचा मोठा बाजार उभा राहिला. आपल्या मंडळातही २००० नंतरच्या दशकात त्या घरोघर फिरत होत्या, काही मी स्वतः वाढदिवसाला दिल्या आहेत. २००७ मध्ये एक अभ्यास आला की आठ ते सोळा महिन्यांची जी मुले अशा फिती जास्त पाहतात त्यांना शब्द कमी कळतात. त्या आकड्यांवर पुढे वाद झाला. पण २०१० साली ज्युडी डिलोच यांच्या गटाने नीट प्रयोग केला. काही मुलांना महिनाभर फीत दाखवली, काहींच्या आईबापांना फक्त शब्दांची यादी देऊन 'जमेल तसे शिकवा' म्हटले. फीत पाहणारी मुले काहीच न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली नव्हती. सर्वांत जास्त शिकली ती आईबापांची. दरम्यान २००९ मध्ये कंपनीने फितींचे पैसे परत देऊ केले होते.

त्याहून मला हलवून सोडणारा प्रयोग पॅट्रिशिया कुल यांचा, २००३ चा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसे येऊन बारा वेळा खेळली, पुस्तके वाचली. इंग्रजी घरातली ती बाळे चिनी भाषेतले बारकावे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. त्या बाळांच्या कानात काहीही शिरले नाही. भाषा माणसाकडून माणसाकडे जाते. आणि खेळण्यांचे? २०१६ मध्ये ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या २६ बाळांच्या घरी आवाज नोंदवून पाहिले. बोलकी खेळणी, साधी लाकडी-रबरी खेळणी आणि चित्रांची पुस्तके. बोलके खेळणे हातात असले की आईबाप कमी बोलत, बाळाला कमी उत्तरे देत. पुस्तक असले की सर्वांत जास्त. आमच्या दिवाणखान्यात मला जे दिसले होते ते त्यांनी मोजून ठेवले होते.

अमेरिकेत राहणाऱ्या इंग्रज घरात आई गप्प झाली तरी इंग्रजी रस्त्यावर, दुकानात, शाळेत भेटतेच. रिफाच्या रस्त्यावर मराठी कोठे भेटणार? शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, खाली बकालाच्या दुकानात मल्याळी-हिंदी-अरबीची खिचडी. मराठी आहे ती या चार भिंतींत, आम्हा चार माणसांच्या तोंडात. माझा मुलगा मराठी समजतो, बोलतो अडखळत, वाचत नाही. तो शाळेत जाईपर्यंत माझ्याशी छान बोलत असे. नंतर मी नोकरीला लागले, दमून यायची आणि टीव्ही लावून द्यायची. याचा दोष कुत्र्यावर ढकलता येणार नाही, तेव्हा कुत्रा नव्हताच.

मी हे सारे सूनबाईंपुढे मांडले. ती म्हणाली, "आई, पटतंय मला. पण मी संध्याकाळी सहाला येते. मे ते सप्टेंबर त्याला बाहेर नेता येत नाही. घरात काय करू याचं?" प्रश्न रास्त होता. मला उत्तर सापडले एका इंग्रज बाईंकडे. एलिनॉर गोल्डश्मीड (१९१० ते २००९) यांनी इंग्लंडमध्ये आणि युद्धानंतर इटलीत लहान मुलांसाठी काम केले. त्यांनी 'खजिन्याची टोपली' सुचवली. बसू लागलेल्या, पण अजून न रांगणाऱ्या बाळापुढे एक बुटकी, न कलंडणारी टोपली ठेवायची. तिच्यात घरातल्याच खऱ्या वस्तू, लाकडाच्या, धातूच्या, कापडाच्या. प्लॅस्टिकचे काही नाही. बाळ एकेक उचलते, चाटते, आपटते, टाकते. मोठ्याने जवळ बसायचे, हातात काही कोंबायचे नाही.

नातू तोवर रांगत-चालत होता, तरी आम्ही करून पाहिले. टोपली करबाबादहून आणली. खजुराच्या झावळ्यांच्या विणकामासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. अशाच छोट्या झावळ्यांच्या टोपल्यांत इथली मुले बकरी ईदच्या आधी धान्य पेरतात, रोज पाणी घालतात आणि अराफाच्या दिवशी संध्याकाळी गाणे म्हणत समुद्रात सोडतात. 'हिया बिया' म्हणतात त्याला. आपल्या घटाचीच आठवण येते. आमच्या टोपलीत गेली लाकडी रवी, पितळेची वाटी, पळी, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, घोसाळ्याची वाळलेली जाळी, खणाचा तुकडा, लोकरीचा मोठा गुंडा, एक भले मोठे लिंबू. बाळाच्या मुठीपेक्षा लहान एकही वस्तू नाही.

कुत्रा आम्ही फेकला नाही. त्याच्या बॅटऱ्या काढल्या. आता तो नुसता कुत्रा आहे आणि नातू त्याला लिंबू भरवतो. एक गंमत मात्र अपेक्षित नव्हती. टोपलीतल्या वस्तू स्वतः काही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांची नावे आम्हालाच सांगावी लागतात. रवीला इंग्रजीत काय म्हणायचे हे मुलाला सुचेना, म्हणून ती रवीच राहिली. घोसाळ्याच्या जाळीला काय म्हणायचे यावर एकदा आम्हा तिघांत वाद झाला. नातवाचे पहिले स्पष्ट शब्द 'आई', 'दे' आणि 'ववी' आहेत. पुण्याच्या पणजीला व्हिडिओवर तो रवी दाखवतो. अठरा महिन्यांखालच्या बाळांना पडदा नकोच, असे सांगणाऱ्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनीही २०१६ मध्ये अशा समोरासमोरच्या बोलण्याला मुभा दिली आहे, कारण पलीकडे उत्तर देणारे माणूस असते. पणजी विचारते, "ताक केलंस का रे?" तो वाटीत रवी फिरवतो.

पुढच्या महिन्यात पूर्व रिफात आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या मुलीचे बारसे आहे. मी चिमणाळे शिवायला घेतले आहे, सहा चिमण्या आणि एक राघू. टोपलीही आणून ठेवली आहे, पण ती बाळ बसू लागल्यावर, सहा महिन्यांनी नेऊन देईन. करवंटी घासायला तोवर भरपूर वेळ आहे.